पुस्तकभिशी कशी चालवावी: आवडती पुस्तके एकमेकांपर्यंत पोहोचवण्याची एक रीत

भिशी म्हटले की चिठ्ठ्यांचा डबा, ओली भेळ आणि कोणाला या महिन्याची रक्कम लागली याची उत्सुकता डोळ्यांसमोर येते. तिथे पुस्तकांचे काय काम, असे आम्हाला नवखी मंडळी नेहमी विचारतात. महिन्याच्या वर्गणीतून ज्याप्रमाणे दागिना, मिक्सर किंवा सहलीचा खर्च निघतो, त्याप्रमाणे पुस्तकेही निघतात, आणि अशा पुस्तकभिशी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात. आमची सांगलीतली भिशी २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात केलेल्या चुका आणि त्यांतून ठरलेले नियम, असे दोन्ही पुढे सांगितले आहे. ज्यांना आपल्या गावात किंवा सोसायटीत असे काही सुरू करायचे आहे, त्यांना त्यातले बरेचसे जसेच्या तसे उचलता येईल.

भिशीच का, याचे उत्तर आधी द्यायला हवे. वाचनाची आवड नुसती बोलून फारशी कळत नाही. ‘मला आत्मचरित्रे आवडतात’ असे म्हणणारी दोन माणसे शेजारी बसवली, तर एकीला तुरुंगातल्या आठवणी हव्या असतात आणि दुसऱ्याला नाटकवाल्यांचे किस्से. तेच माणूस सगळ्यांच्या वर्गणीचे पैसे घेऊन दुकानात उभे राहिले आणि आपण उचललेले पुस्तक उरलेल्या अकरा जणांच्या हातात जाणार आहे हे त्याला ठाऊक असले, की तिथे त्याची खरी आवड बाहेर येते. चार वेळा मांडणीवर परत ठेवून पाचव्या वेळी घेतलेल्या पुस्तकाबद्दल त्या माणसाकडे सांगण्यासारखे काहीतरी नक्की असते.

माणसे आणि जागा

बारा माणसे हा आकडा सोयीचा आहे, कारण वर्षात प्रत्येकाची एकदा पाळी येते. आठपेक्षा कमी असल्यास दोघे गैरहजर राहिले की बैठक ओकीबोकी वाटते, आणि पंधराच्या वर गेल्यास प्रत्येकाला बोलायला वेळ मिळत नाही. सगळे एकाच कार्यालयातले किंवा एकाच शाळेतले नसावेत, कारण मग तिसऱ्या बैठकीपासून पुस्तके बाजूला पडतात आणि बदल्या, बढत्या व रजा यांचीच चर्चा सुरू होते. आमच्याकडे टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, औषधाचे दुकान चालवणारी एक ताई आहे, दोन शिक्षक आहेत, हळदीच्या व्यापारातले एक गृहस्थ आहेत आणि एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, ज्याला सुरुवातीला त्याच्या आईने जवळजवळ ढकलूनच पाठवले होते.

माणसे निवडताना ‘वाचनाची आवड आहे का’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला नाही म्हणणारा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. ‘सध्या उशाशी कोणते पुस्तक आहे’ असे विचारावे. जो क्षणभर गडबडतो आणि मग खरे तेच सांगतो, मग ते स्पर्धा परीक्षेचे पुस्तक असो, पाककृतींचे असो किंवा पंचांग असो, तो माणूस भिशीला चालतो.

जागेसाठी आळीपाळीने घरे ठरवण्याची पद्धत सर्वांत सोपी आहे, परंतु तिच्यात एक धोका आहे. पहिल्या घरी पोहे होतात, दुसऱ्या घरी पोह्यांबरोबर शिरा, तिसऱ्या घरी पावभाजी, आणि चौथ्या घरची गृहिणी बैठकीच्या आदल्या रात्रीपासून राबत असते. म्हणून चहा आणि एक कोरडा पदार्थ याच्या पुढे जायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करावा आणि तो मोडणाऱ्याच्या पदार्थाचे कौतुक करू नये.

दुसरा पर्याय गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये सुरू झाले. तशा परंपरेतली लहानमोठी वाचनालये राज्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी आहेत आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या संस्थांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरलेले आहेत. ग्रंथालयाला वर्षभर काही ना काही कार्यक्रम करावे लागतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की ग्रंथपाल वक्त्यांच्या शोधात असतात. त्या सुमारास आपण होऊन गेल्यास आणि ‘आमचे बारा जण येऊन आवडत्या पुस्तकांवर बोलतील’ असे सांगितल्यास पुढच्या वर्षभरासाठी महिन्यातून एक संध्याकाळ सभागृह मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

पैशांचा हिशेब

प्रत्येकी ३०० रुपये वर्गणी धरल्यास महिन्याला ३,६०० रुपये जमतात. दोनशे पानांच्या साध्या बांधणीच्या पुस्तकाची किंमत सध्या अडीचशे ते साडेतीनशे रुपयांच्या घरात असल्यामुळे त्या रकमेत दहा ते बारा पुस्तके येतात, आणि वर्षाअखेरीस बारा जणांमध्ये मिळून सव्वाशेच्या आसपास पुस्तके फिरत असतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते, त्याने पुढच्या बैठकीपर्यंत पुस्तके आणायची आणि पावती नोंदवहीत चिकटवायची. त्याची चिठ्ठी डब्यातून बाहेर निघते. वर्षभर ती पुस्तके सर्वांमध्ये फिरतात आणि वर्ष संपले की ती त्याच्या मालकीची होऊन त्याच्या घरी परत जातात. ही मालकीची अट महत्त्वाची आहे. पुस्तके सगळ्यांची मिळून राहतील असे आम्ही पहिल्या वर्षी ठरवले होते, आणि त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येकाने कोणाचाही आक्षेप येणार नाही अशी, पुरस्कारप्राप्त आणि थोडी निर्जीव पुस्तके आणली. कपाट भरले, पण कोण कसा वाचक आहे ते काही कळले नाही.

दुसरी अट आम्ही तिसऱ्या वर्षी घातली आणि आता तीच या भिशीचा प्राण आहे. आणलेल्या पुस्तकांपैकी एक तरी पुस्तक दुसऱ्या एखाद्या सभासदाचा विचार करून घ्यायचे आणि बैठकीत त्या सभासदाच्या हातात देताना ते का निवडले हे सांगायचे. टपालवाल्या काकांनी त्यांच्या पाळीला माझ्यासाठी जुन्या विहिरी आणि बारवांविषयीचे एक पुस्तक आणले. मी जन्मभर कथा-कादंबऱ्या वाचत आले. विहिरींबद्दल मी कधी अवाक्षर काढलेले नव्हते. काका म्हणाले, ‘‘तुम्ही प्रत्येक कादंबरीवर बोलताना त्या गावाला पाणी कुठून येते ते विचारता.’’ मी तसे विचारते हे मला त्या दिवशी समजले. माझ्या आवडीविषयी इतके अचूक वाक्य घरच्या माणसांनीसुद्धा कधी उच्चारलेले नाही.

ज्यांना दरमहा वर्गणी नको असेल, त्यांच्यासाठी पेटीची पद्धत आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे दिली जाते आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. घरोघरच्या दोन-दोन, चार-चार पुस्तकांची अशी पेटी कोणत्याही सोसायटीत करता येते. तिच्यात निवड दुसऱ्याची असते, म्हणून आवड समजण्याच्या दृष्टीने ती भिशीइतकी उपयोगी पडत नाही, असे माझे मत आहे. परंतु एकही रुपया न घालता सुरुवात करायची असेल तर पेटीसारखे दुसरे काही नाही.

पहिली बैठक

पहिल्या बैठकीत भिशीची पुस्तके आलेली नसतात. त्यामुळे प्रत्येकाने घरून पाच पुस्तकांची यादी करून आणावी, परंतु ती सर्वांत आवडत्या पाच पुस्तकांची नसावी. तशी यादी मागितली की माणसे आपल्याला काय आवडायला हवे ते लिहितात. त्याऐवजी पाच निरनिराळे प्रश्न द्यावेत: दोनदा किंवा अधिक वेळा वाचलेले पुस्तक कोणते, अर्धवट सोडलेले कोणते, कोणाला तरी दिले आणि परत आले नाही म्हणून पुन्हा विकत घेतलेले कोणते, लहानपणी लपून वाचलेले कोणते, आणि सगळ्यांना आवडते पण आपल्याला आवडत नाही असे कोणते. उत्तरे कागदावर लिहून आणायला सांगावीत, नाहीतर पहिल्या तिघांची ऐकून पुढचे नऊ जण आपली बदलतात.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाच्या प्रश्नाला सर्वांत चांगली उत्तरे येतात. कोणत्या पानावर सोडले आणि का, असे लगेच विचारावे. अक्षर बारीक होते, पात्रांची नावे सारखी वाटत होती, बोली समजत नव्हती, त्या आठवड्यात घरात आजारपण होते, लेखक वाचकाला फार शिकवत होता, अशी कारणे येतात, आणि त्या प्रत्येक कारणातून पुढे कोणाला काय द्यायचे याचा अंदाज बांधता येतो. हळदीच्या व्यापारातले आमचे सभासद ‘मला वर्णने झेपत नाहीत’ असे सांगून मोकळे झाले होते. थोडे खोदून विचारल्यावर कळले की त्यांना निसर्गाची वर्णने झेपत नाहीत; बाजाराची, दुकानाची आणि घासाघिशीची पानेच्या पाने ते आनंदाने वाचतात.

पुस्तकाविषयी कसे बोलावे

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, कारण आवडलेल्या पुस्तकाविषयी बोलण्याची आपल्याला सवय नसते. शाळेत सारांश लिहिला, पुढे परीक्षेत लेखकाची वैशिष्ट्ये लिहिली, आणि त्यामुळे बैठकीत बोलायला उभे राहिलेला माणूस एकतर पूर्ण गोष्ट सांगत सुटतो किंवा लेखकाच्या जन्मगावापासून सुरुवात करतो. प्रत्येकाला सात मिनिटे द्यावीत. सात मिनिटांत गोष्ट संपत नाही, म्हणून ती सांगण्याचा मोह आपोआप सुटतो.

एक उदाहरण घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आलेली कादंबरी बहुतेकांनी वाचलेली किंवा निदान ऐकलेली असते. तिच्याविषयी बोलताना आमच्याकडच्या एका शिक्षकांनी पहिल्या वर्षी साधारण असे सांगितले होते: ही एक अप्रतिम कादंबरी आहे, तिच्यात ग्रामीण जीवनाचे विलक्षण दर्शन घडते, भाषा ओघवती आहे आणि प्रत्येकाने ती आयुष्यात एकदा तरी वाचायलाच हवी. यातले एकही वाक्य खोटे नाही. परंतु ही चार वाक्ये दुसऱ्या पन्नास पुस्तकांना लावली तरी चालतील, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्यांपैकी कशाचेही चित्र उमटत नाही.

दोन वर्षांनी त्याच शिक्षकांनी त्याच पुस्तकावर पुन्हा बोलायचे ठरवले. या वेळी त्यांनी सांगितले की, औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर एक अगदी कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो, आणि सुरुवातीला तिथे पोरेच येत नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या पहिल्या नेमणुकीची आठवण एका वाक्यात सांगितली: जत तालुक्यातल्या एका शाळेत पहिले चार दिवस त्यांनी रिकाम्या खोलीत हजेरी घेतली होती. ‘‘मी एकोणीस वर्षांचा असताना हे पुस्तक वाचले आणि कंटाळलो, कारण त्यात काही घडत नाही असे वाटले. नोकरी लागल्यावर वाचले तेव्हा दिसले की मास्तर शिकवतो कमी आणि वाडीची बारीकसारीक कामे करतो जास्त, आणि त्यातूनच तो तिथला होतो. ज्यांना वेगवान कथानक हवे आहे त्यांनी हे घेऊ नये. ज्यांना माणसे हळूहळू ओळखीची होताना बघायला आवडते त्यांनी घ्यावे. शेवटाकडे दुष्काळ येतो. तो भाग मी रात्री वाचणार नाही.’’ त्यानंतर त्यांनी एक पान वाचून दाखवले आणि ते खाली बसले. पाच मिनिटेही झाली नव्हती. औषधाच्या दुकानवाल्या ताईंनी ते पुस्तक तिथल्या तिथे मागून घेतले.

दुसऱ्या बोलण्यात काय होते ते नीट बघावे. पुस्तक सुरू होते ती परिस्थिती होती, परंतु पुढचे कथानक नव्हते. बोलणाऱ्याने ते केव्हा वाचले आणि तेव्हा तो कोण होता, हे होते. ते कोणासाठी नाही, हेही होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. कारण पुस्तक कोणाला आवडणार नाही हे जो मोकळेपणाने सांगतो, त्याच्या शिफारशीवर पुढच्या वेळी माणसे डोळे झाकून विश्वास ठेवतात. शिवाय एक पान मोठ्याने वाचलेले होते. पान कोणते वाचावे, याचा आमचा ठोकताळा असा आहे: पहिले पान वाचू नये, शेवटचे तर मुळीच वाचू नये, आणि ज्या पानावर आपण स्वतः थांबून परत मागे गेलो होतो ते वाचावे. वाचण्यापूर्वी घरी एकदा मोठ्याने वाचून बघावे, म्हणजे बैठकीत जीभ अडखळत नाही.

‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा आणणारे’, ‘वाचनीय आणि संग्राह्य’ या शब्दांवर आमच्याकडे पाच रुपये दंड आहे. तो कोणी भरत नाही, पण डबा मध्यभागी ठेवलेला असल्यामुळे बोलणारा एक क्षण थांबतो आणि दुसरा शब्द शोधतो.

बोलीत लिहिलेल्या पुस्तकांची गोष्ट वेगळी आहे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी छापील पानावर वाचताना सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाची गाडी दर ओळीला अडते, आणि त्यामुळे अशी पुस्तके अर्धवट सोडलेल्यांच्या यादीत सारखी येतात. ज्याच्या कानावर ती बोली आहे त्याच्याकडून पहिली दहा पाने वाचून घ्यावीत. आमच्यातल्या एका सभासदाची सून मूळची अकोल्याची आहे. तिला एका बैठकीला बोलावून एका वऱ्हाडी कथेची सुरुवात वाचून घेतली, आणि जे पुस्तक सहा महिने कोणी हातात धरले नव्हते त्यासाठी तीन जणांचे नंबर लागले. एकदा हेल कानात बसला की पुढची पाने डोळ्यांना आपोआप वाचता येतात.

आपले आवडते दुसऱ्याला न आवडल्यास

हा प्रसंग पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येतो. आपण ज्या पुस्तकावर वीस वर्षे जीव टाकला, ते कोणीतरी परत करताना ‘ठीक आहे, एवढे काही विशेष वाटले नाही’ असे म्हणते, आणि मग आपण पुस्तकाची नव्हे तर आपलीच बाजू लढवायला लागतो. आमच्याकडे यावरून दोन सभासदांचे बोलणे दीड महिना बंद होते, आणि ते दोघेही पन्नाशीच्या पुढचे होते.

यासाठी एक शिस्त उपयोगी पडते. न आवडलेल्या पुस्तकावर बोलणाऱ्याने आधी त्यातली आवडलेली एक जागा पानाच्या क्रमांकासह सांगावी आणि मग जिथे ते हातातून सुटले ती जागा, तीही पानाच्या क्रमांकासह सांगावी. पान सांगायचे म्हटले की ‘बोअर आहे’ असे मोघम बोलता येत नाही. ऐकणाऱ्याने, म्हणजे ज्याचे ते लाडके पुस्तक आहे त्याने, त्या बैठकीत उत्तर देऊ नये. पुढच्या बैठकीत हवे तर द्यावे. महिनाभरात बहुतेक वेळा असे होते की तो माणूस ते पान घरी उघडून बघतो आणि थोडेसे पटल्यासारखे तोंड करून येतो. पटत नाही तेव्हाही वाद पानाविषयी होतो, माणसाविषयी नाही.

काही आवडी कधीच जुळत नाहीत, हे मात्र मान्य करावे. आमच्या विद्यार्थी सभासदाला भयकथा आणि विज्ञानकथा यांच्या बाहेरचे फारसे काही रुचत नाही, आणि मला भुताच्या गोष्टी वाचून केवळ झोप येते. त्याने आणलेली पुस्तके मी घरी नेत नाही. तो बोलतो तेव्हा मात्र मन लावून ऐकते, कारण एखादे गूढ नक्की कोणत्या पानापर्यंत टिकते याचे त्याचे गणित विलक्षण पक्के आहे.

देवघेव आणि निगा

एका वेळी एका माणसाला दोनच पुस्तके द्यावीत आणि मुदत एका बैठकीपासून पुढच्या बैठकीपर्यंतची ठेवावी. वाचून झाले नसेल आणि नंबर लागलेला नसेल, तर एकदा मुदत वाढवून मिळते. पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर घालावे की नाही, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. कव्हर घातले की सगळी पुस्तके सारखी दिसतात आणि मुखपृष्ठाचा आनंद जातो, म्हणून आम्ही आता पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर घालतो. कोपरे दुमडण्यास सक्त मनाई आहे. पेन्सिलीने खुणा करण्यास मालकाची हरकत नसेल तर परवानगी आहे, आणि मला स्वतःला दुसऱ्याच्या बारीक पेन्सिलखुणा असलेले पुस्तक कोऱ्यापेक्षा जास्त आवडते. पुस्तक हरवल्यास त्याच पुस्तकाची नवी प्रत आणून द्यायची. ते बाजारात मिळत नसेल तर मालक म्हणेल ते दुसरे पुस्तक द्यायचे.

पावसाळ्याचा विचार आमच्या भागात वेगळा करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले, तेव्हा एका सभासदाच्या तळमजल्यावरच्या खोलीत भिशीची चौदा पुस्तके होती. त्यांपैकी नऊ आम्ही वाचवली आणि पाच फेकावी लागली, आणि ती बहुतेक आमच्याच घाईमुळे. भिजलेले पुस्तक कडक उन्हात टाकू नये. कागद वेडावाकडा होतो आणि बांधणी तडकते. ते उभे करून पाने पंख्यासारखी थोडी उलगडावीत, दर काही पानांनंतर टिपकागद किंवा साधा पांढरा कागद घालावा, तो ओला झाला की बदलावा, आणि खोलीत पंखा चालू ठेवावा. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पाने ओली असतानाच एकमेकांपासून सोडवावी लागतात. वाळल्यावर ती एकमेकांना अशी चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. आमची पाच पुस्तके अशीच गेली. एकाच वेळी खूप पुस्तके भिजली असतील आणि सगळ्यांकडे लक्ष देणे शक्य नसेल, तर उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत, म्हणजे बुरशी धरत नाही आणि सवडीने एकेक काढून वाळवता येते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर या काळात भिशीची सगळी पुस्तके पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर राहणाऱ्यांकडेच असतात.

पुस्तकाची पाने मोबाईलवर टिपून किंवा आख्खे पुस्तक पीडीएफ करून गटात टाकण्याची सवय लागू देऊ नये. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो, आणि मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या एवढ्या लहान असतात की दहा फुकट प्रतींनीही फरक पडतो. जुन्या लेखकांची गोष्ट निराळी: हरि नारायण आपटे किंवा राम गणेश गडकरी यांचे निधन १९१९ मध्ये झाले असल्याने त्यांचे लेखन सर्वांना खुले आहे, आणि मराठी विकिस्रोतावर अशा खुल्या झालेल्या जुन्या साहित्याचा चांगला साठा आहे. ज्यांना बारीक अक्षर वाचवत नाही अशा ज्येष्ठांना तिथला मजकूर टॅबवर मोठा करून देता येतो. आमच्याकडच्या एका आजींनी अशा रीतीने चार महिन्यांत आपट्यांच्या दोन कादंबऱ्या संपवल्या.

दिवाळी अंकांसाठी वेगळे चक्र ठेवावे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ही प्रथा आपल्या अंगवळणी पडली. आता मात्र दहा-बारा अंक एका घराने घेणे खिशाला जड जाते. बारा जणांनी बारा वेगवेगळे अंक घ्यावेत आणि दर दहा दिवसांनी ते ठरलेल्या क्रमाने पुढच्या घरी पाठवावेत, म्हणजे दिवाळीत सुरू झालेले चक्र होळीच्या सुमारास पूर्ण होते. प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेत वाचणाऱ्याने आवडलेल्या मजकुरासमोर आपले आद्याक्षर लिहावे. बाराव्या घरी अंक पोहोचतो तेव्हा कोणत्या कथेसमोर अक्षरांची रांग लागली आहे आणि कोणती कविता एकट्याच माणसाला आवडली आहे, हे बघण्यात अंक वाचण्याइतकीच मजा असते.

परगावी गेलेल्या सभासदांना व्हिडिओवर घ्यायचे असल्यास वेळेचा हिशेब आधी करावा. रविवारी सकाळी नऊला बसलो तर कॅलिफोर्नियात शनिवारची रात्र नुकती सुरू झालेली असते, परंतु लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. रविवारी संध्याकाळी सातला बसलो तर लंडनमध्ये दुपार असते, दुबईत साडेपाच आणि न्यू यॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ. कॅलिफोर्नियावाल्यांना मात्र भल्या पहाटे उठावे लागते. आम्ही संध्याकाळची वेळ धरली आहे आणि सॅन होजेची एक भाची डोळे चोळत येऊन बसते.

राहिली नोंदवही. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि तिच्यात पुस्तकाचे नाव, मालक, नेणारा, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना शेऱ्याचा असावा आणि तो इतर सर्व रकान्यांपेक्षा रुंद ठेवावा. पुस्तक परत करणाऱ्याने त्यात एक ओळ लिहिल्याशिवाय दुसरे पुस्तक नेऊ नये. ‘छान’ हा शेरा स्वीकारू नये. आमच्या वहीत ‘चाळीस पानांपर्यंत मी पुस्तकाला ओढले, पुढे त्याने मला’, ‘प्रस्तावना शेवटी वाचावी, सगळे फोडून टाकले आहे’, ‘निवेदक खोटे बोलतो, म्हणून आवडला’ असे शेरे आहेत. नवीन सभासद आला की त्याला आम्ही नियम वाचून दाखवत नाही, ती वही एक महिना घरी देतो. मागच्या वर्षी आलेल्या एका ताईंनी ती परत करताना वहीचीच नोंद वहीत केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘पान ६२ वर ज्यांनी तीन पुस्तके न वाचता परत केली, त्यांच्या शेजारी मला बसवावे.’